आईच्या डोळ्यात थेंब जातच नाही! काचबिंदूसाठी थेंबांशिवाय दुसरं काही आलंय का?

नंदनवन_झेरॉक्स | २७ मे, रात्री ११:२०

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आई ७४ वर्षांची. काटोल तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं मास्तरीण होती. चार वर्षांपूर्वी दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. (मोतीबिंदू नाही, काचबिंदू. नातेवाइकांना हे समजावून माझं तोंड दुखलं.) तेव्हापासून रात्री लॅटानोप्रोस्टचा एकेक थेंब आणि सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल. आई शिस्तीची. औषधासाठी तिने शाळेचं कोरं राहिलेलं हजेरीपुस्तक काढलंय. उजवा, डावा असे दोन रकाने, आणि थेंब टाकला की समोर "ह". ह म्हणजे हजर. चार वर्षांत एकही रकाना रिकामा नाही.

मागच्या तपासणीपर्यंत डोळ्यातलं प्रेशर १६-१७ असायचं. या वेळी नागपूरला धंतोलीत दाखवलं तर उजव्यात २५, डाव्यात २३. फील्ड टेस्टमध्ये (नजरेचा घेर तपासतात ती) उजव्या डोळ्याचा काळा डागही वाढलेला. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब नियमित टाकता ना, आजी?" आईने पिशवीतून हजेरीपुस्तक काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टर हसले आणि तिसरं औषध लिहून दिलं.

माझ्या डोक्यात मात्र बाटली घोळत होती. लॅटानोप्रोस्टची अडीच मिलीची बाटली महिनाभर जायला पाहिजे, आमच्याकडे १८ दिवसांत संपून राहिली. म्हणून परवा रात्री दाराआडून मोबाइलवर शूट केलं. आई कूलरसमोर खाटेवर बसते. संधिवातामुळे अंगठा वळत नाही, म्हणून बाटली दोन्ही तळव्यांत धरून दाबते. पहिला थेंब पापणीवर. दुसरा गालावर. तिसरा येताना दिसला आणि डोळा मिटला. चौथा कदाचित गेला. मग पदराने गाल पुसला, चष्मा लावला, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं, ह. डाव्या डोळ्याचंही तेच.

ती खोटं लिहीत नाही हो. गाल ओला झाला म्हणजे थेंब गेला, असंच तिला वाटतं.

मी टाकून देतो म्हटलं तर म्हणते, "मी काही आंधळी नाही झाले अजून."

आता प्रश्न. पुण्याच्या भाचीने पाठवलं की अमेरिकेत डोळ्याच्या आत बसवायची बारीक कांडी निघाली आहे, ती महिनोन्‌महिने औषध सोडत राहते. शिवाय औषध सोडणारी लेन्स, जेल, रिंग असंही काय काय. यात खरं किती? आपल्याकडे काय होऊ शकतं? आणि तोवर मी काय करू?

---

गोकुळपेठ_७२ | २८ मे, सकाळी ७:०५

आमच्या शेजारच्या काकूंना त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुऊन खूप फरक पडला. शुद्ध मधाचं बोटही लावून बघा. इंग्रजी औषधं आयुष्यभर सुटत नाहीत.

---

चष्म्यापलीकडे | २८ मे, सकाळी ८:४०

गोकुळपेठ, रागावू नका, पण हे काचबिंदूच्या माणसाला सांगू नका. मी १४ वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासणारा, आहे. काचबिंदूत गेलेली नजर कशानेच परत येत नाही, उरलेली राखायची असते. मध लावून तीन महिने "बरं वाटलं" म्हणत आलेले लोक मी पाहिलेत. त्यांना बरंच वाटत होतं, कारण काचबिंदू दुखत नाही. नजर कडेने जाते आणि माणसाला पत्ता लागत नाही.

झेरॉक्सभाऊ, तुमच्यासाठी सविस्तर रात्री लिहितो. तोवर एकच करा, तो व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा. तिसरी बाटली सुरू करण्याआधी दाखवा. दोन औषधं गालावर जात असतील तर तिसरंही गालावरच जाईल.

---

कामठी_एमफार्म | २८ मे, दुपारी ३:१५

भाऊ, तुमच्या प्रश्नाशी माझं जुनं भांडण आहे. मी २०११ ते २०१३ कामठीला एम.फार्म. केलं. विषय होता, डोळ्यात गेल्यावर जेल होणारं टिमोलॉल. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

आधी तुमच्या बाटलीचा हिशेब. अडीच मिलीत साधारण ८० थेंब निघतात. रोज दोन डोळ्यांना दोन, म्हणजे महिन्याला ६० लागतात आणि २० शिल्लक राहतात. तुमची बाटली १८ दिवसांत संपते म्हणजे आई रोज चार-साडेचार थेंब काढतात. तुमच्या व्हिडिओतल्या रात्री तर त्याहूनही जास्त पडले. हजेरीपुस्तकापेक्षा बाटली जास्त खरं बोलली.

पण थेंब अचूक पडला तरी फार खूश होऊ नका. एक थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा. डोळ्यात एरवी अश्रू असतात सात मायक्रोलिटरच्या आसपास, आणि फार ताणलं तर मावतात तीसेक. म्हणजे उत्तम निशाणा लागला तरी काही सांडणारच. उरलेल्यातलं बरंचसं अश्रूंच्या नळीतून नाकात आणि घशात उतरतं. घसा कडू होतो तो त्यामुळे. टिमोलॉल नाकाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं आणि लिव्हरची चाळणी त्याला लागत नाही. म्हणूनच दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्यांना टिमोलॉल देताना डॉक्टर विचार करतात. थेंब डोळ्यात टाकला तरी तो सगळ्या शरीराला लागू शकतो.

मग राहिलेल्याला कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, ओलांडायची असते. तिचा बाहेरचा थर तेलकट, मधला पाणथळ. नुसतं तेलात विरघळणारं औषध मधे अडकतं, नुसतं पाण्यात विरघळणारं दारातूनच परततं. लॅटानोप्रोस्टची युक्ती छान आहे. ते तेलकट झूल पांघरून शिरतं आणि कॉर्नियातले एन्झाइम ती झूल उतरवतात. एवढं सगळं होऊन आत पोचतं ते टाकलेल्यापैकी पाच टक्क्यांहूनही कमी. औषध वाईट नाही. पोचवण्याची वाट वाईट आहे. जगभर लोक यावर डोकं फोडत आहेत ते याचसाठी.

आता माझं जेल. पोलॉक्सॅमर नावाचं एक पॉलिमर असतं. थंड असताना पाण्यासारखं वाहतं, उबेत घट्ट होतं. कल्पना अशी की थेंब म्हणून टाकायचं, डोळ्याच्या उबेत त्याचं जेल होणार, आणि वाहून न जाता ते तासन्‌तास औषध सोडत बसणार. कागदावर झकास. मे महिना, बाहेर ४६, प्रयोगशाळेत कूलर, तोही बाष्प सोडणारा. फ्रिजमधून बीकर काढला, तराजूपर्यंत नेला, आणि उलटा करून पाहिला तर आतलं खाली पडेना! डोळ्यात व्हायचं ते टेबलावरच झालं. आमचे गाइड सर बीकर हातात धरून म्हणाले, "बाई, याच्या वाटेत डोळ्याआधी नागपूर आलं."

औषध टिकतं का हे बघायला कंपन्या ते ४० अंशांच्या कपाटात सहा महिने ठेवतात. त्याला त्वरित स्थिरता चाचणी म्हणतात, म्हणजे मुद्दाम जास्त त्रास द्यायचा. आपल्याकडे नवतपात तेवढा त्रास औषधाच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर फुकट मिळतो.

मग मी जेलन गमकडे वळले. त्याला उष्णतेशी घेणंदेणं नाही, अश्रूंतल्या सोडियम-कॅल्शियममुळे ते बसतं. चाचणीसाठी बकऱ्याची कॉर्निया लागायची. सकाळी सहाला स्टीलचा डबा, बर्फ आणि सलाइन घेऊन खाटकाकडे. पहिल्या दिवशी तो घाबरला, त्याला वाटलं करणी-बिरणी आहे. नंतर स्वतःच विचारायचा, "मॅडम, आज किती जोड्या?" डोळे ताजेच लागत, तासाभरात कॉलेज गाठायचं. कॉर्निया कापताना भोवतीचा पांढरा भाग दोन-तीन मिलिमीटर ठेवायचा, कारण तिथेच चिमटा धरायचा असतो. ती काचेच्या दोन कप्प्यांमध्ये पडद्यासारखी बसवायची. वर औषध, खाली अश्रूंसारखं खारं पाणी, आणि दर अर्ध्या तासाने खालून थोडं काढून २९५ नॅनोमीटरवर मोजायचं की किती उतरलं. साध्या थेंबापेक्षा माझं जेल हळू आणि जास्त वेळ उतरायचं. त्या आलेखावर मी दोन वर्षं जगले. मटण मात्र वर्षभर खाल्लं नाही.

जेलन गमचं टिमोलॉल परदेशात १९९० च्या दशकापासून आहे, दिवसातून एकदाच टाकायचं. तोटा एवढाच की टाकल्यावर काही वेळ धूसर दिसतं. पण आईंच्या बाबतीत बघा, जेल असलं तरी ते बाटलीतूनच येणार. गालावर पडलं तर गालावर जेल.

म्हणून लोक बाटलीच नको म्हणून वेगळ्या वाटेला लागले, आणि तेही आजचं नाही. १९७४ मध्ये अमेरिकेत ऑक्युसर्ट नावाची चकती आली. दोन पातळ पापुद्र्यांमध्ये पायलोकार्पिन हे काचबिंदूचंच औषध, खालच्या पापणीत ठेवायची, आठवडाभर ठरलेल्या वेगाने औषध झिरपायचं. विज्ञान म्हणून अप्रतिम. झालं काय, झोपेत ती गळून पडायची, कुणाला टोचायची, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या थरथरत्या बोटांना ती पापणीत बसवता यायची नाही. ज्यांच्यासाठी केली त्यांच्याच हाताला जमेना. हळूहळू बाजारातून गेली. तुमच्या आईंचा अंगठा हा ५० वर्षं जुना प्रश्न आहे, भाऊ.

भाचीने जी कांडी सांगितली ती बिमाटोप्रोस्टची (लॅटानोप्रोस्टच्याच जातीचं औषध), ड्युरिस्टा. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिली. सुईने डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सोडतात. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी जे पॉलिमर वापरतात त्याच जातीत औषध मिसळलेलं असतं, ते झिजत जातं आणि औषध सुटतं. त्यात बिमाटोप्रोस्ट किती, तर १० मायक्रोग्रॅम. आता ०.०१ टक्क्यांच्या साध्या थेंबात असतं तीनेक मायक्रोग्रॅम. म्हणजे तीन-साडेतीन थेंबांएवढं औषध आत नेऊन ठेवलं की महिनोन्‌महिने काम करतं. आणि बाहेरून? तुमच्या घरी एका रात्रीत चार थेंब उडतात. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा दोनदा तपासला होता.

दुसरी आयडोस टीआर. डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता. टायटॅनियमची बारीक डबी, आत ७५ मायक्रोग्रॅम ट्रॅव्होप्रोस्ट, तोंडावर अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा. ही विरघळत नाही, आत रोवून ठेवतात.

सुईने डोळ्यात काही सोडणं हे माझं क्षेत्र नाही. त्याचं चष्मेवाले दादा सांगतील. मला एक सांगा, बाटली मेडिकलमधून घरी येते कशी?

---

नंदनवन_झेरॉक्स | २८ मे, संध्याकाळी ६:५०

ताई, एवढं कोणी समजावलं नव्हतं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं. बकऱ्याच्या डोळ्याशी येऊन थांबवलं आणि म्हणाली, "पुन्हा वाच."

बाटली? दुकानातून दुपारी निघतो, सक्करदऱ्याला घेतो, स्कूटरच्या डिक्कीत टाकतो. मग बँक, मग पेपरचे गठ्ठे. घरी पोचता पोचता पाच वाजतात. काहून विचारलं?

---

कामठी_एमफार्म | २८ मे, संध्याकाळी ७:३०

कारण बऱ्याच कंपन्यांचं लॅटानोप्रोस्ट न उघडलेलं असताना २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि उघडल्यावरही २५ च्या आत. बाहेरच ठेवता येतील असेही काही प्रकार आहेत, तेव्हा खोक्यावर काय छापलंय ते बघा. पण मे महिन्यात स्कूटरची डिक्की कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नाही, भाऊ. तिथे हात ठेवला तर भाजतो. मेडिकलवाल्याकडून बर्फाची पिशवी मागा, आणि बाटली सगळ्यात शेवटी घ्या. घरी फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही. उघडलेल्या बाटलीवर पेनाने तारीख टाका, चार आठवड्यांनी उरली असली तरी फेकून द्या.

---

वीजमंडळ_निवृत्त | २८ मे, रात्री ९:१०

ताईनं जे पाच टक्क्याचं सांगतलं ना, त्याले आमी लाइन लॉस म्हनत होतो. सबस्टेशनातून शंभर निंघालं आन गावात पाचच पोचलं, तर इंजिनिअर सस्पेंड झाला असता. डोळ्याच्या बाबतीत ते चालते म्हंजे कमाल हाये.

झेरॉक्सभाऊ, मी ६९ वर्षाचा. मले ११ वर्ष झाले काचबिंदू होऊन. माह्याबी हात थरथरते. मी काय करतो ते सांगतो, घ्याचं तर घ्या. बसून टाकाचंच नाही. सपाट झोपाचं, उशी काढून. डोळा मिटून घ्याचा आन नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडाचा, तिथं आपसूक खड्डा असते. मंग डोळा उघडला का थेंब आत सरकते. उघड्या डोळ्यावर थेंब येताना दिसला तर कोनाचाबी डोळा मिटते, माह्या नातवाचाबी मिटते.

दुसरं, बाटली फ्रिजातून काढली का लगेच टाकतो. गार लागला म्हंजे समजाचं गेला. गालावर गार लागला त समजाचं गालावर गेला.

तिसरं, कूलर बंद. कूलरची हवा डोळ्यावर असली का पापणी फडफड करते. माही बायको म्हने दोन मिनिटासाठी काहून बंद करता, घाम येऊन राह्यला. आता तीच बंद करून देते.

आन तुमच्या आईले म्हना, मी लाइनमन होतो, खांबावर चढताना खालून कोनीतरी शिडी धरेच. त्यात कमीपना नाही.

---

चष्म्यापलीकडे | २८ मे, रात्री ११:००

वीजमंडळ काकांनी माझं निम्मं काम केलं. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्याची युक्ती आम्हीही शिकवतो. त्यात भर एवढीच, थेंब गेल्यावर नाकाकडचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं हलकेच दाबून धरायचा. अश्रूंची नळी बंद राहते, औषध घशात न जाता डोळ्यात जास्त वेळ राहतं. टिमोलॉलला हे विशेष. आणि दोन वेगळी औषधं असतील तर मधे निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. ज्यांचा अंगठा वळत नाही त्यांच्यासाठी बाटलीला लावायची प्लॅस्टिकची पकड मिळते, तळहाताने दाबली तरी एकच थेंब येतो. बाटलीच्या मापाची बघून घ्या.

आता कांडी. कॉर्नियाच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, तो कॉर्नियातलं पाणी उपसून तिला काचेसारखी ठेवतो. या पेशी गेल्या की नव्या येत नाहीत. कांडी खालच्या कोपऱ्यात, याच थराच्या शेजारी जाऊन बसते. चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा कांडी घातलेल्या काही डोळ्यांत या पेशी कमी झाल्या, म्हणून मान्यता देताना "एका डोळ्यात एकदाच" अशी अट घातली गेली. काचबिंदू आयुष्यभराचा आणि कांडी एकदाची. मग पुढे काय, हा प्रश्न उरतोच. आयडोससाठी तर ऑपरेशन थिएटर लागतं, कॉर्नियाला बारीक चीर देऊन ती आत नेतात. मी जिथे काम करतो तिथे यातलं एकही बसवलेलं मी पाहिलेलं नाही.

रिंगचंही ऐकलं असेल. पापण्यांच्या आत बुबुळाभोवती बसणारी मऊ कडी, बिमाटोप्रोस्ट भरलेली. माणसांवर चाचणी झाली आहे. सिंगापूरला लॅटानोप्रोस्ट चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरून डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पापुद्र्याखाली टोचून पाहिलं. लेन्सवरही काम चालू आहे, पण ७४ वर्षांच्या, संधिवात असलेल्या बाईला रोज लेन्स घाला-काढा म्हणणं, म्हणजे ऑक्युसर्टची तीच गोष्ट परत.

तुमच्या जागी मी कांडीऐवजी डॉक्टरांना वेगळंच विचारलं असतं, लेझर. एसएलटी म्हणतात. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून बाहेर जातं तिच्यावर हलके ठिपके मारतात, मग जाळी पाणी बरं सोडते. सुन्न करायचा थेंब, पाचेक मिनिटं, त्याच दिवशी घरी. इंग्लंडमध्ये लाइट नावाची मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये 'लॅन्सेट'ला छापून आली. नवीन रुग्णांना सुरुवातीलाच लेझर दिलं, तर तीन वर्षांनी त्यातले जवळपास ७४ टक्के थेंबांशिवाय प्रेशर राखून होते. तुमच्या आई चार वर्षं थेंबांवर आहेत, तेव्हा हा आकडा त्यांना जसाच्या तसा लावू नका. शिवाय असर काही वर्षांनी उतरू शकतो, मग पुन्हा करता येतं. आणि हे कोन उघडा असलेल्या काचबिंदूसाठी. कोन म्हणजे कॉर्निया आणि बुबुळ यांमधली फट, ती जाळी तिथेच असते. आईंचा कोन उघडा आहे की बंद, ते डॉक्टर डोळ्यावर आरशाची लेन्स ठेवून बघतात, गोनिओस्कोपी. फाइलमध्ये लिहिलेलं असेल.

यात औषध पोचवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून औषध पोचवण्याच्या चर्चेत लोक ते विसरतात.

---

गोकुळपेठ_७२ | २९ मे, सकाळी ७:१०

बरं. काकूंना डॉक्टरकडे नेतो. त्यांनी दोन वर्षांत प्रेशर मोजलेलं नाही असं आज कळलं.

---

नंदनवन_झेरॉक्स | १४ जुलै, रात्री १०:०५

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. कॉलेजांच्या ॲडमिशनचा सीझन, दुकानातून मान वर करायला वेळ नव्हता.

व्हिडिओ डॉक्टरांना दाखवला. त्यांनी पुन्हा पाहिला, मग तिसऱ्या औषधावर काट मारली आणि आईला तिथेच थेंब टाकून दाखवायला लावला. नर्सबाईंनी मिटलेल्या डोळ्याचीच युक्ती दाखवली. आई म्हणाली, "हे वीजमंडळवाल्यांनी सांगितलंय आधीच." डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले.

पकड घेतली. पहिली बाटलीला बसली नाही, दुसरी बसली. आता रात्री साडेनऊला कूलर बंद होतो, उशी निघते. तोड अशी निघाली की दाबायचं आईने, मी फक्त दिवा धरायचा. दिवा कशाला लागतो ते तिलाही माहीत आहे आणि मलाही, पण शिडी धरण्याचं तिला पटलं. मग कोपऱ्यावर बोट ठेवून ती मनातल्या मनात दीडकीचा पाढा म्हणते. तो संपला की बोट काढायचं.

जूनमध्ये घेतलेली बाटली २८ दिवस पुरली आणि उरली. उरलेली फेकताना आईचा जीव गेला. काल मोजलं, उजव्यात १८, डाव्यात १७. डॉक्टर म्हणाले उजव्याला अजून कमी हवं, कारण डाग तिथे आहे. कोन उघडा आहे. उजव्या डोळ्याचं लेझर ठरवलंय, पण आई म्हणते पोळा होऊ दे, मारबत निघू दे, मग बघू. लेझरनंतरही थेंब पूर्ण बंद होतीलच असं नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं.

हजेरीपुस्तकात आता "ह"सोबत कधी कधी "ग" दिसतो. आठवड्यातून एखादा. गालावर गार लागलं तर ती गैरहजर लिहिते, मग परत टाकते आणि शेजारी "उशिरा" लिहिते.

एमफार्म ताई, आईचा निरोप आहे. ती विचारते, त्या जेलचं पुढे काय झालं? बाजारात आलं का?

---

कामठी_एमफार्म | १४ जुलै, रात्री ११:४०

आईंना नमस्कार सांगा.

नाही आलं. डोळ्याचं औषध पूर्ण निर्जंतुक करावं लागतं. आम्ही ते वाफेत निर्जंतुक केलं आणि जेल पातळ झालं. ते दुरुस्त करायला सहा महिने लागले असते, माझ्याकडे सहा आठवडे होते. थीसिस जमा केली, तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी एकच विचारलं, बकऱ्याची कॉर्निया का, सशाची का नाही. मी म्हटलं, सर, ससा खाटकाकडे मिळत नाही.

नंतर मी खोकल्याच्या सिरपच्या कंपनीत लागले. आता बुटीबोरीला क्वालिटी कंट्रोलला आहे. वाफेत न घातलेली ती शेवटची बॅच एका छोट्या काचेच्या बाटलीत आईकडे आहे, कामठीला, देवघराच्या खालच्या खणात. मागच्या महिन्यात उलटी करून पाहिली. अजून पडत नाही खाली.